आपत्तींतील दान आणि देणाऱ्याचा लाभ



आपत्तीच्या वेळीं मोठमोठ्या कंपन्या दान करितात. त्यापासून खुद्द त्यांचा लाभ होतो काय, हा माझा विषय आहे. एकाच भूकंपाच्या दोन हकीकती त्यावर पुष्कळ प्रकाश पाडतात.

दि. 12 मे 2008 रोजीं चीन देशांतील सिचुआन प्रांतांत भयंकर भूकंप झाला व सुमारें 69 हजार माणसें प्राणास मुकलीं. सहा दिवसांनीं दूरचित्रवाणीवर मदतनिधीचा कार्यक्रम झाला. त्यांत ‘वांगलाओजी’ नांवाचा वनस्पतींचा चहा विकणाऱ्या जियादुओबाओ कंपनीनें 10 कोटी युआन जाहीर केले. लोक इतके संतुष्ट झाले कीं, तोच चहा मागून घेऊं लागले व त्याचा खप वाढला. उलटपक्षीं, घरें बांधणाऱ्या वांके या धनाढ्य कंपनीनें आरंभीं 20 लाख युआन दिले आणि तेवढें योग्य आहे असें तिचे अध्यक्ष वांग शी यांनीं लिहिलें. लोकक्षोभ उसळला, शेअरचा भावही उतरला. अखेर अध्यक्षांनीं क्षमा मागितली व कंपनीनें पुनर्बांधणीसाठीं 10 कोटी देऊं केले.

20 लाख ही रक्कम लहान नव्हती. परंतु देणाऱ्याची ऐपत पाहूनच लोक दान तोलतात. 2004 सालच्या त्सुनामीनंतर दान जाहीर करणाऱ्या 79 अमेरिकन कंपन्यांचा डेनिस पॅटन यांनीं अभ्यास केला, तेव्हां त्यांच्या शेअरचे भाव सरासरीनें अपेक्षेहून वर गेल्याचें आढळलें.

लाभ होतो खरा. पण तो टिकतोच असें नाहीं. 2012 सालीं लवादाच्या निवाड्यानें ‘वांगलाओजी’ हें नांव त्याच्या मूळ मालकाकडे, ग्वांगझोऊच्या कंपनीकडे, परत गेलें. दान एकानें केलें. त्यामुळें उजळलेलें नांव दुसऱ्याच्या हातीं पडलें.

मग लाभ होतो म्हणून तें दान खोटें काय? मला तसें वाटत नाहीं. ढिगाऱ्याखालून निघालेल्या मनुष्यास तंबू कोणत्या हेतूनें आला हें विचारण्यास सवड नसते. तो वेळेवर आला कीं नाहीं, हेंच त्याला महत्त्वाचें. भय आहे तें निराळें. ज्या संकटाकडे जगाची दृष्टि वळत नाहीं, तेथें कीर्ति नाहीं. आणि कीर्तीसाठीं देणारा तेथें जाणारही नाहीं.

हा लाभ कंपन्यांच्या पदरीं घालणारे आपण गिऱ्हाइकेंच आहोंत. म्हणून बंधुभगिनींनो, जाहीर झालेला आंकडा ऐकून थांबूं नका. तो पैसा कोठें, केव्हां व कोणाच्या हातीं पोहोंचला, हें विचारा. आपण जें विचारूं, त्याचीच काळजी देणारा घेऊं लागेल.