शेताचा चौकोन आणि ऑयलरचा अंदाज



विद्यापीठातल्या गणित आणि संख्याशास्त्राच्या विभागांत नेमके काय चालते, असे पालक नेहमी विचारतात. त्याचे उत्तर अर्धापूरच्या, तुमच्याच केळीच्या बागेतून देतो.

समजा, इसापूरच्या कालव्यावर भिजणाऱ्या एखाद्या रानात तीन खतांपैकी कोणते केळीला जास्त मानवते, हे पाहायचे आहे. रानाच्या एका अंगाला पाट आहे, तिथे ओल अधिक. दुसऱ्या अंगाला उतार आहे, तिथे माती उथळ. एक खत पाटाकडे आणि दुसरे उताराकडे टाकले, तर घड खतामुळे भरला की ओलीमुळे, हे कोण सांगणार? म्हणून रानाचे नऊ तुकडे पाडायचे आणि प्रत्येक खत प्रत्येक आडव्या ओळीत एकदा, प्रत्येक उभ्या ओळीत एकदा येईल असे टाकायचे. या मांडणीला लॅटिन चौकोन म्हणतात. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करताना रोनाल्ड फिशर यांनी ती शेतीच्या प्रयोगांत रुजवली.

आता खतांबरोबर पाणी देण्याच्या तीन पद्धतीही तपासायच्या आहेत. खते अ, ब, क. पद्धती १, २, ३. ही मांडणी पाहा :

अ१ ब२ क३
ब३ क१ अ२
क२ अ३ ब१

ओळींचा नियम दोन्हींनी पाळला आहे. शिवाय प्रत्येक खताची प्रत्येक पद्धतीशी गाठ एकदाच पडते. नऊच तुकड्यांत दोन प्रश्नांची उत्तरे.

तीनचे जमले. चारचे आणि पाचचेही जमते. सहाचे? इथे संख्याशास्त्रज्ञ थांबतो आणि गणितज्ञाकडे पाहतो. कारण हा प्रश्न लिओनार्ड ऑयलर यांनी १७८२ मध्येच मांडला होता, तोही शेतासाठी नव्हे. सहा पलटणी, सहा हुद्दे, ३६ अधिकारी. त्यांना असे चौकोनात उभे करता येईल का? ऑयलर यांना ते जमले नाही. चारने भागून दोन उरतात अशा ६, १०, १४, १८ या कुठल्याच संख्येसाठी ते जमणार नाही, असा अंदाज त्यांनी बांधला. सहाच्या बाबतीत तो खरा आहे, हे गास्तों तारी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केले. पुढचे कोडे मात्र १९५९ पर्यंत सुटले नाही.

ते सोडवणाऱ्या तिघांत एक मराठी माणूस होता : शरदचंद्र शंकर श्रीखंडे. जन्म १९१७, सागरचा, शिक्षण नागपूरला. राजचंद्र बोस आणि त्यांनी २२ चा चौकोन मांडला, अर्नेस्ट पार्कर यांनी १० चा. मग तिघांनी मिळून दाखवून दिले की, २ आणि ६ सोडले तर ऑयलरचा अंदाज सर्वत्र चुकीचा आहे. न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. पुढे श्रीखंडे यांनी मुंबई विद्यापीठात गणित विभागाची उभारणी केली.

शेतीच्या प्रयोगाला ऑयलरचे कोडे कामी आले आणि शेतीच्या प्रयोगांमुळे त्या कोड्याकडे पुन्हा लक्ष गेले. म्हणून ‘याचा आज उपयोग काय’ असे विचारून शुद्ध गणिताला दाराबाहेर ठेवू नये, आणि ‘हे तर व्यवहाराचे’ म्हणून शेतातल्या प्रश्नाला गणिताने कमी लेखू नये.

सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांचे उदाहरण घ्या. विनायक पानसे यांच्यासह त्यांनी चाळीसच्या दशकात पीक कापणी प्रयोगांना यादृच्छिक नमुन्याचा पाया दिला. आज तुमच्या सोयाबीनचा विमा मिळायचा की नाही, ते महसूल मंडळाचे सरासरी उत्पन्न ठरवून दिलेल्या उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेले का, यावर ठरते. कापणीचा तुकडा कोणी मनाने निवडला तर तो आकडा फसवा होतो. चिठ्ठी टाकल्यासारखा निवडला तरच त्यातली चूक किती असू शकेल, हे मोजता येते. पीक कापणीच्या वेळी उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला हे गणित कळायलाच हवे.

आपल्या नांदेडला १९९४ पासून विद्यापीठ आहे. तिथे येणारी बहुतेक मुले मराठी माध्यमातून, खेड्यांतून येतात. त्यांच्यापुढे पहिल्याच तासाला इंग्रजी व्याख्या ठेवली की ती पाठ करतात आणि परीक्षेत उतरवतात. त्याऐवजी आधी रान दाखवावे, प्रश्न मराठीत मांडावा, मुलांना नऊ तुकडे स्वतः भरू द्यावेत, सहाशी झटू द्यावे. व्याख्या मग आपोआप हवीशी वाटते. पदव्युत्तर वर्गाच्या प्रत्येक मुलाने वर्षाला एक तरी प्रयोग आपल्या गावच्या पिकावर, पाण्यावर किंवा बाजारभावावर करावा, आणि त्यातून निघालेला न सुटणारा प्रश्न गणिताच्या प्राध्यापकांपुढे ठेवावा. संशोधनाचे विषय इथेच आहेत.

पालकांनाही एक विनंती. एम.एस्सी.ला असलेल्या मुलीला ‘नोकरी कधी’ हे जरूर विचारा, पण त्याआधी ‘सध्या कोणता प्रश्न सोडवतेस’ हे विचारा. तिने तो तुम्हाला कळेल अशा मराठीत सांगितला, तर तिच्या विभागात शिकवणे आणि संशोधन दोन्ही नीट चालले आहे, असे खुशाल समजा.