गावातली कचेरी आणि वेशीबाहेरचे काम



आजचा विषय रोजच्या पोटापाण्याचा आहे. काम भर गावात करावे की वेशीबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत? पगार सारखा असला म्हणजे दोन्ही नोकऱ्या सारख्या झाल्या असे पुष्कळांना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. नेमणुकीच्या पत्रात पगाराचा आकडा असतो. वाटेत जाणाऱ्या वेळाचा नसतो.

प्रथम आपल्या पेठा पाहू. बुधवारात किंवा लक्ष्मी रस्त्यावर काम करणारा माणूस दुपारच्या सुटीत डबा खाऊन सिटी पोस्टातले काम उरकतो. सुटल्यावर अप्पा बळवंत चौकातून मुलाचे पुस्तक घेतो, मंडईतून भाजी घेतो, आणि मनात आले तर १८४८ साली स्थापन झालेल्या पुणे नगर वाचन मंदिरात डोकावतो. यांतली एकही सोय त्याच्या मालकाने केलेली नाही. हा भत्ता त्याला गाव देते.

परंतु म्हणून साऱ्यांनीच पेठांत काम करावे असे म्हणणे शहाणपणाचे नव्हे. अरुंद बोळांत यंत्रे बसत नाहीत, मालाची गाडी वळत नाही, आणि शेजाऱ्याने धूर व खडखडाट का सोसावा? औषधांचा कारखाना शनिवार पेठेत निघाला नसता. उद्योगाने गावाबाहेर जाणे योग्यच होते. तो जाताना बरोबर काय घेऊन गेला, हा खरा प्रश्न आहे.

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना काढला, तेव्हा त्याबरोबर वाडीही वसवली. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स उभी राहिली, तीही कामगारांची वसाहत आणि शाळा घेऊन. पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. भोसरी, चिंचवड, आकुर्डीकडे कारखाने आले. आणि १९८२ साली तेथे स्वतंत्र महानगरपालिका झाली. पाळी सुटल्यावर चालत घरी जाणारा कामगार तेथे शक्य झाला. या व्यवस्थेत उणेही आहे. मालक हाच घरमालक असला की नोकरीबरोबर छप्परही जाते, आणि कारखाना आजारी पडला की वसाहतही अंथरूण धरते. तरी काम आणि वस्ती यांची सांगड घातली पाहिजे, ही जाण त्यात होती.

आता हिंजवडीकडे वळू. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथे माहिती तंत्रज्ञानाचे उद्यान आले. काचेच्या इमारती झाल्या, फाटके झाली, फाटकांच्या आत उपाहारगृहेही झाली. पण शहराएवढी माणसे रोज जेथे ये-जा करू लागली, त्या गावाचा कारभार २०२४ सालीही ग्रामपंचायतीकडेच होता. शिवाजीनगरास जोडणाऱ्या मेट्रोचा पायाच मुळी १८ डिसेंबर २०१८ रोजी घातला गेला. कचेऱ्या आधी आणि वाट मागाहून, असा हा क्रम झाला.

याची किंमत कोण देतो? जाता-येता मिळून तीन तास मोडतात असे धरा, आणि कामाचे दिवस अडीचशे. वर्षाचे ७५० तास झाले. आठ तासांच्या हिशेबाने सुमारे ९४ दिवस. म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काम माणूस बिनपगारी करतो, तेही रस्त्यावर. २०२० सालच्या साथीनंतर काहींना घरून काम करण्याची मुभा मिळाली; परंतु झाडणाऱ्या बाईला आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याला ती कशी मिळावी? ज्या घरी मुलाला शाळेतून आणण्याचे आणि सासूबाईंच्या औषधाचे काम सुनेकडेच असते, तेथे तर हे तीन तास ती नोकरी करू शकेल की नाही याचाच निकाल लावतात. हुशारी असते, शिक्षण असते, कामही असते. आडवे येते ते अंतर.

तेव्हा गाव चांगले की वसाहत, हा वाद आम्ही घालीत नाही. आमचे म्हणणे क्रमाविषयी आहे. पहिले फाटक उघडण्यापूर्वी रस्ता, पाणी, वाहन, शाळा आणि बाजार यांची तजवीज झाली पाहिजे, आणि तिचा खर्च जागेच्या किमतीत धरला पाहिजे. आज तो कामगाराच्या आयुष्यातून वसूल होतो.

नवे औद्योगिक क्षेत्र जाहीर झाले की किती कोटींचे भांडवल येणार, हे आपण हौसेने विचारतो. त्याबरोबर आणखी एक साधा प्रश्न विचारण्याची सवय आपण नागरिकांनी लावून घ्यावी: तेथून परतीची शेवटची बस किती वाजता आहे? उत्तर मिळेपर्यंत हा प्रश्न सोडू नये, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.