टच गेला तरी टॅब्लेट चालतो

गुहागरचा पाऊस आणि टॅब्लेटचा पडदा यांचं काही पटत नाही. पडदा बोटाचा स्पर्श विजेच्या सूक्ष्म फरकावरून ओळखतो. त्यावर पाण्याचे थेंब पडले की तो गोंधळतो, आणि काच तडकली तर कधीकधी टचच जातो. अशा वेळी टॅब्लेट लॅपटॉपवरून चालवता येतो.

अँड्रॉइडसाठी २०१८ पासून एक मोफत प्रोग्राम मिळतो. त्याच्या नावाची इंग्रजी अक्षरं लिहून घ्या: एस, सी, आर, सी, पी, वाय. टॅब्लेटच्या सेटिंग्जमध्ये 'बिल्ड नंबर' शोधून त्यावर सात वेळा टॅप करायचं. सातच का, ते बनवणाऱ्यालाच ठाऊक! मग 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतात. तिथे 'यूएसबी डीबगिंग' चालू करायचं, केबल जोडायची आणि टॅब्लेट परवानगी विचारेल तेव्हा हो म्हणायचं. मग लॅपटॉपवर हा प्रोग्राम सुरू केला की टॅब्लेटचा पडदा तिथे दिसतो आणि माऊस-कीबोर्डनं चालतो. सगळा कारभार केबलवरून, त्यामुळे रेंज गेली तरी अडत नाही.

ही परवानगी मात्र टच धड असतानाच देऊन ठेवा. टच आधीच गेला असेल, तर ओटीजी अडॅप्टर लावून साधा माऊस थेट टॅब्लेटला जोडून बघा. बहुतेक वेळा पडद्यावर बाण उमटतो.

काम झालं की डीबगिंग बंद करा. आणि 'बँकेतून बोलतोय' म्हणत कुणी असाच टॅब्लेटचा किंवा फोनचा ताबा घेणारं ॲप टाकायला सांगितलं, तर सरळ फोन ठेवा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.