व्हॉट इज युअर फादर?
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, दहावी, १९९७ची बॅच)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील संधी’ हा विषय दिला होता. मी तो बदलून घेतला. इथं बसलेल्यांपैकी कुणालाच आता ती संधी घ्यायची नाही, आणि ज्यांच्या मुलांना घ्यायची आहे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. मी बोलणार आहे आपल्या इंग्रजीच्या तासाबद्दल. ग्रुपवर शाळेला ‘लँग्वेज लॅब’ द्यायचं चाललंय, हेडफोनचे भाव पण आलेत. पैसे गोळा व्हायच्या आत मला त्यावर थोडं बोलायचंय.

आपण एबीसीडी पाचवीत शिकलो. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तेव्हा आपण शाळेतून बाहेर पडून तीन वर्षं झाली होती. पाचवी-सहावीत एक प्रश्न ठरलेला होता. व्हॉट इज युअर फादर? उत्तरासाठी सहा-सात धंदे दिलेले असायचे : फार्मर, टीचर, डॉक्टर, पोस्टमन, टेलर, कारपेंटर, पोलिसमन. त्यातला एक उचलायचा आणि खाली बसायचं.

आता आपला वर्ग आठवा. निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी मागावर. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला, हे आपण वक्तृत्व स्पर्धेसाठी पाठ केलेलं. पण नव्वद वर्षं जो माग गावाला जेवू घालत होता, त्याला इंग्रजीच्या वहीत जागा नव्हती. जॉबरच्या मुलानं काय सांगायचं? शब्द तर इंग्रजीच आहे. डिक्शनरीत बघितलं तर जॉबर म्हणजे घाऊक माल विकणारा. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर म्हणजे कामगार भरणारा आणि त्यांच्यावर देखरेख करणारा. आणि आपल्याकडं जॉबर म्हणजे मागाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस. हे तिन्ही अर्थ वर्गात कोण सांगणार? मग सगळ्यांचे बाप फार्मर झाले. गुंठाभर जमीन नव्हती त्यांचेसुद्धा. आणि दिवसभर कांड्या भरून रात्री भाकऱ्या थापणाऱ्या आया ‘हाउसवाइफ’ झाल्या. माझी पण.

गंमत म्हणजे आपल्या घरांत इंग्रजी भरून वाहत होतं. बीम, बॉबिन, सायझिंग, वार्पिंग, शिफ्ट. हे शब्द इंग्रजी आहेत असं आपल्याला कुणी सांगितलंच नाही, म्हणून आपण आपल्याला इंग्रजी येत नाही असं समजत राहिलो.

आठवी-नववीत ‘माय एम इन लाइफ’ आला. गाईडमधून सगळे डॉक्टर होऊन खेड्यात गरिबांची सेवा करायला निघालो. (आपल्या बॅचमध्ये डॉक्टर दोन. दोघेही पुण्यात. हसू नका, ते इथंच बसलेत.) मग नोकरीचा अर्ज. ‘आय बेग टू अप्लाय’पासून ‘युअर ओबिडियंट सर्व्हंट’पर्यंत तो मला आजही पाठ आहे. एवढी वाकलेली वाक्यं मी आयुष्यात परत कुठं वापरली नाहीत. नोकरी मागायची कशी हे आपल्याला शिकवलं. नोकरीत गेल्यावर बोलायचं काय, ते त्यात नव्हतं.

मी २००३ साली इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरीला लागले. व्याकरणाच्या चुका व्हायच्याच. ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ म्हणायचे, कारण मराठीत ‘दोन वर्षांपासून काम करते’ हेच बरोबर आहे. ‘आय पास्ड आउट इन २००३’ म्हटलं की लंडनचा माणूस काळजीत पडायचा, कारण त्याच्याकडं त्याचा अर्थ शुद्ध हरपली असा होतो. ‘डू द नीडफुल’ आणि ‘आउट ऑफ स्टेशन’ तर आपल्याइकडंच चालतं. पण यानं कुणाचं काही अडत नाही, कळतं सगळ्यांना. एक फायदासुद्धा झाला. आपल्या कोल्हापूरकडच्या मुली ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात, त्यावर पुण्यात लोक वळून बघायचे. इंग्रजीत ‘आय गो’ म्हटलं की विषय संपला.

अडतं ते दुसरीकडं. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये तीनच गोष्टी सांगायच्या असतात : काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय. पहिल्या दोन सगळे सांगतात. तिसरी सांगताना गावाकडची मुलं गप्प होतात. ‘मला समजलं नाही, पुन्हा सांगा’, ‘शुक्रवारी नाही होणार, बुधवारी देते’, ‘हे तुमचं बरोबर नाही असं मला वाटतं’, ही वाक्यं तोंडातून निघत नाहीत. मराठीत ‘बघते’ म्हटलं की समोरचा ओळखतो, हे काही व्हायचं नाही. तेच ‘आय विल ट्राय’ म्हणून सांगितलं की पलीकडचा साहेब तारीख लिहून घेतो, आणि तारीख आली की भांडण. ओबिडियंट सर्व्हंटला नाही म्हणायची सोय कुठं असते?

आता मी मुलाखती घेते. ‘मायसेल्फ अमुक, आय ॲम हार्डवर्किंग अँड क्विक लर्नर’ हे पाठ करून आलेली मुलं रोज भेटतात. क्लासवाल्यांनी घोटून घेतलेलं असतं, त्यामुळं दहा मुलांचा एकच आवाज. मग मी विचारते, तुमच्या घरी काय काम चालतं? मला ते समजावून सांग, मला त्यातलं काही माहीत नाही असं धर. मागं एक मुलगा आला होता, घरचं गुऱ्हाळ. स्वतःबद्दल बोलताना पाचव्या वाक्याला अडकला होता. गुऱ्हाळ म्हटल्यावर सुरू झाला. रस उकळताना मळी कशी काढतात, काहील कधी उतरवायची हे गुळव्याच का ठरवतो. मी विचारलं, त्याला कसं कळतं? म्हणाला, पाण्यात थेंब टाकायचा, त्याची गोळी झाली की उतरवायची. ‘इफ लेट, होल लॉट गॉन.’ क्रियापद नव्हतं, पण कारण, क्रम, धोका, सगळं होतं. निवड त्याच्या कोडमुळं झाली, पण तो माणसांशी कामाचं बोलू शकेल हे मला त्या गुळानं सांगितलं.

हे मी माझ्या मनचं विचारत नाही. हे मी इथं शिकले. नववीत आपल्या इंग्रजीच्या बाईंनी एकदा धडा मिटून ठेवला आणि सांगितलं, उद्या घरच्या कामाबद्दल तीन वाक्यं आणा, आणि मला ठाऊक नसलेलं काहीतरी आणा. बाई सांगलीच्या, त्यांना मागातलं काही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेवटच्या बाकावरचा एक जण वहिफणीचा हुक घेऊन आला. वर्षभर त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. ‘टू मेन सिट. वन मॅन गिव्ह थ्रेड. वन मॅन पुल थ्रेड.’ बाईंनी व्याकरण सुधारलं नाही. विचारलं, ‘व्हाय टू मेन?’ तो दहा मिनिटं बोलला. एक धागा चुकला तर कापडात रेघ पडते, हे त्यानं फळ्यावर काढून दाखवलं. आठवड्याभरानं बाई टेक्स्टाइल कॉलेजातून विचारून आल्या, आणि फळ्यावर लिहिलं : वही म्हणजे हील्ड, फणी म्हणजे रीड, वहिफणी म्हणजे ड्रॉइंग-इन. आपल्या घरच्या कामाला पुस्तकातला इंग्रजी शब्द असतो हे मला त्या दिवशी कळलं. बाई, तुम्हाला हे आठवतं का माहीत नाही, मला आठवतं. परीक्षा जवळ आली आणि तो तास परत झाला नाही.

आता थोडं कडू बोलते. दोन वर्षांपूर्वी आपला ग्रुप झाला. पहिल्याच दिवशी कुणीतरी टाकलं, ‘चला, सगळ्यांनी सांगा, सध्या काय करताय?’ ज्यांनी सांगितलं त्यांनी हुद्दे सांगितले, मी पण सांगितला. एकवीस जणांनी काहीच लिहिलं नाही. दोघे-तिघे त्याच आठवड्यात ग्रुप सोडून गेले. काहींनी ‘बिझनेस’ एवढंच लिहिलं. तो बिझनेस म्हणजे मजुरीनं चालवलेले आठ माग, हे मला गावात आल्यावर कळलं. व्हॉट इज युअर फादर आणि सध्या काय करतोस, हे दोन्ही प्रश्न मला एकाच वहीतले वाटतात.

म्हणून माझं म्हणणं. हेडफोन लावून कुणा परक्या आवाजाच्या मागं ‘गुड मॉर्निंग, हाऊ मे आय हेल्प यू’ म्हणून या मुलांचं फार काही होणार नाही. तेवढं त्यांच्या हातातल्या मोबाईलवर फुकट मिळतं. मिळत नाही ते समोर बसून प्रश्न विचारायला माणूस. महिन्यातून एका शनिवारी नववीचा इंग्रजीचा एक तास आपल्या बॅचला द्यावा, अशी मी मुख्याध्यापकांना विनंती करते. एकानं यायचं आणि आपलं काम सांगायचं, मुलांनी इंग्रजीत प्रश्न विचारायचे, तोडकेमोडके चालतील. पाहुण्याला इंग्रजी येत नसेल तर त्यानं मराठीत सांगावं, मुलांनी बाईंच्या मदतीनं त्याचं इंग्रजी करावं. खरं तर तसाच पाहुणा जास्त चांगला. दिवस काय घेऊन सुरू होतो, काय बिघडतं, बिघडल्यावर कुणाला सांगता, पैसे कसे मिळतात, एवढं विचारलं तरी तास पुरणार नाही.

कालपासून मी आठ जणांशी बोलले. एसटीचा कंडक्टर आहे, सायझिंगमध्ये काम करणारा आहे, सरकारी दवाखान्यातली नर्स आहे, घरी शिवणकाम करणारी आहे. सहा जण हो म्हणाले. नर्स म्हणाली ड्युटी बघून सांगते, आणि तिचं ‘बघून’ खरं आहे, मी दोनदा विचारून घेतलंय. वहिफणीचा हुक आणणारा आज आलेला नाही. तो आता जॉबर आहे. त्याच्याकडं मी सकाळी जाऊन आले. ‘मला काय येतंय तिथं बोलायला,’ म्हणाला. मग म्हणाला, शनिवारी दुपारची पाळी असते, सकाळचा तास असेल तर बघू.

सर, पहिला तास सकाळी ठेवता येईल का?