सहाध्यायी हवा



मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि वर्ग मोबाइलच्या पडद्यावर आले. महामारी ओसरली, ऑनलाइन अभ्यासक्रम मात्र राहिले. केंद्र शासनाचा ‘स्वयम्’ उपक्रम २०१७ पासून चालू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक अशा अभ्यासक्रमांतून मिळवता येतात. तोरणा-राजगडाच्या कुशीतील ज्या मुलीला पुण्याच्या वसतिगृहात ठेवणे घरच्यांना परवडत नाही, तिच्यासाठी हे दार मोलाचे आहे.

परंतु दार उघडणे निराळे आणि आत टिकणे निराळे. नाव नोंदवणारे पुष्कळ, अखेरच्या परीक्षेपर्यंत पोहोचणारे थोडे, हा जगभरचा अनुभव आहे. भोर आणि वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, डोंगरांच्या आड मोबाइलचे जाळे तुटते. भातलावणीच्या दिवसांत सारे हात खाचरात असतात. तथापि खरे कारण याहून खोल आहे. वर्गात रिकामा बाक दिसतो. पडद्यावरून नाहीसा झालेला विद्यार्थी कोणाच्या ध्यानीही येत नाही.

विद्येचा एक पाद आचार्यांकडून, एक स्वबुद्धीने, एक सहाध्यायांकडून आणि एक कालांतराने मिळतो, असे आपले पूर्वज सांगत. ऑनलाइन शिक्षणात सहाध्यायांचा पादच लंगडा पडतो. तो सावरणे समाजाच्या हाती आहे.

प्राध्यापकांनी सलग तासभर न बोलता दर दहा मिनिटांनी एक प्रश्न विचारावा आणि उत्तर नावानिशी मागावे. स्वाध्याय परिसराशी जोडावा. भाटघरचे पाणी कोणत्या तालुक्यांना जाते, गावातील तरुण कोठे व का गेले, हे शोधताना विद्यार्थी श्रोता न राहता अभ्यासक होतो. गावोगावी पाच-सहा विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा मंदिराच्या सभामंडपात किंवा शाळेत एकत्र बसून अभ्यास करावा. बचत गटांत एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या जणी विचारपूस करतात. शाखेत स्वयंसेवक चार दिवस दिसला नाही, तर कोणीतरी त्याच्या घरी जाते. हीच रीत येथे लागू करावी.

रायरेश्वरावरील स्वराज्याच्या शपथेची परंपरा सांगताना आपण मावळातील सवंगड्यांचाही उल्लेख करतो. संकल्प एकाचा असला, तरी तो तडीस नेण्यास सोबत लागते. मुलाच्या हाती फोन देऊन पालकांचे कर्तव्य संपत नाही. ‘या आठवड्यात काय शिकलास?’ हा प्रश्न घरात विचारला जाऊ लागला, तरी पुष्कळ विद्यार्थी मध्येच गळणार नाहीत.