परतीची पाइपलाइन
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, तुम्ही छत्तीस वर्षं वीज केंद्रात काढलीत. विजेवर बोला, पण आटोपशीर. नंतर जेवण आहे." तेव्हा थोडक्यात सांगतो.

आपल्या सोसायटीतलं सर्वांत मोठं भांडण आठवतंय? पार्किंगचं नव्हे, गरम पाण्याचं! गच्चीवर सोलर हीटर बसवले. सातव्या मजल्यावर कढत पाणी आणि पहिल्या मजल्यावर दोन बादल्या सोडल्यावर जरा कोमट. खालचे म्हणाले, आम्ही वर्गणी का द्यायची? हळूहळू घरोघरी गीझर लागले, टाक्या गंजत पडल्या. तेव्हा खजिनदार मी होतो. गरम पाणी सतत फिरतं ठेवणारी परतीची पाइपलाइन कोटेशनमध्ये होती. खर्च वाचवायला मीच ती खोडली. आज सर्वांसमोर कबूल करतो.

ही चूक मला नीट उमगली डेन्मार्कमध्ये. गेल्या हिवाळ्यात मी मुलीकडे एस्बियर्गला होतो. उत्तर समुद्राच्या काठचं बंदर. बाहेर हाडं गोठवणारा वारा, आणि घरात मी साध्या सदऱ्यावर! पण घरात ना हीटर, ना बॉयलर. रस्त्याखालून एक पाइप गरम पाणी आणतो, ते भिंतीवरच्या रेडिएटरमधून फिरतं आणि दुसरा पाइप निवलेलं पाणी परत नेतो. तीच परतीची लाइन!

डेन्मार्कमधली साधारण दोन तृतीयांश घरं अशीच उबदार राहतात. 1973 च्या तेलसंकटात हा देश हवालदिल झाला होता. रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. 1979 मध्ये त्यांनी उष्णतापुरवठ्याचा कायदाच केला. कोळशातली निम्म्याहून जास्त उष्णता वीज केंद्रात वाया जाते. मी नोकरीभर ती कूलिंग टॉवरमधून आकाशात जाताना पाहिली. त्यांनी तीच पाइपात घालून घरात नेली.

आता कोळसाही मागे पडतोय. एस्बियर्गचं कोळसा केंद्र 2024 साली बंद झालं. त्याच्या जागी इतर साधनांबरोबर मोठे हीट पंप आले, सुमारे 25,000 घरांना पुरतील एवढे. हीट पंप म्हणजे उलटा फ्रिज. फ्रिज भाजीतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हा पंप गार समुद्रातली उष्णता ओढून शहराच्या पाण्याला देतो. एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. वारा जोरात असला की पवनचक्क्यांची वीज स्वस्त होते, तेव्हा पंप चालवायचे. वारा पडला की पंप थांबवून साठवलेलं गरम पाणी वापरायचं. वीज साठवायला महागडी बॅटरी लागते, उष्णतेला चांगली झाकलेली टाकी पुरते.

माझा नातू विचारतो, "आजोबा, मग हायड्रोजनवर गीझर का नाही?" त्याचं गणित सांगतो. 100 युनिट विजेने पाणी फोडून हायड्रोजन केला तर त्यात 65-70 युनिट उरतात. जाळून त्याहून जास्त उष्णता मिळणारच नाही. हीट पंपातून त्याच विजेत 300 मिळते. म्हणून आंघोळीच्या पाण्यासाठी हायड्रोजन नको. तो लागतो खत कारखान्याला, तेलशुद्धीकरणाला, पुढे जहाजांना, म्हणजे जिथे नुसत्या तारेने भागत नाही तिथे. आणि तो करताना जी उष्णता सुटते, तीही फुकट घालवायची नाही. डेन्मार्कच्या फ्रेडेरिसिया शहरात हायड्रोजन प्रकल्पाची उष्णता शहराच्या गरम पाण्याच्या जाळ्यात सोडायची योजना केली आहे. वीज, उष्णता, हायड्रोजन, तिघांची एकत्र सांगड. एकाचं उरलेलं दुसऱ्याच्या कामाला.

पण यंत्रांपेक्षा मला कौतुक वाटलं ते व्यवस्थेचं. तिथल्या उष्णता कंपन्या शहरात बहुधा नगरपालिकेच्या आणि लहान गावांत ग्राहकांच्या सहकारी संस्था असतात. हो, आपल्यासारख्याच! सभासद संचालक निवडतात. खर्च भागेल एवढाच दर लावायचा, नफा काढायचा नाही, हा तिथला नियम. घरोघरी उष्णतेचं मीटर, जो जितकं वापरेल तितकं त्याचं बिल.

पुढच्या महिन्यात आपल्या सर्वसाधारण सभेत गच्चीवरचे सोलर पॅनल आणि तिन्ही विंगसाठी हीट पंप हा विषय आहे. एकत्र केलं तर दुपारच्या उन्हाच्या विजेवर पाणी तापवून टाकीत ठेवता येईल आणि सकाळी सर्वांना मिळेल. माझं एक मत तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. परतीची लाइन आणि प्रत्येक घराला मीटर असेल, तरच हात वर करा. आणि कोटेशन तपासायच्या समितीत पहिल्या मजल्यावरचे दोन सभासद घ्या.

त्या समितीत मला घेतलं नाहीत तरी चालेल. पण कागदावरची एखादी ओळ कुणी खोडायला निघालं, तर मला जरूर बोलवा.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना मनापासून शुभेच्छा.