ज्येष्ठमध आणि जठराचे अस्तर

छातीत जळजळू लागले की आपल्या घरी ज्येष्ठमधाची कांडी निघते. (मुलांना तर तो खाऊच वाटतो!) हा उपाय पोकळ नव्हे. १९४६ साली रेव्हर्स नामक डच वैद्यांनी ज्येष्ठमधाच्या अर्काने जठरव्रण भरून येतात असे नमूद केले. मात्र कित्येकांच्या अंगावर सूज चढली. दोष त्यातील ग्लिसिरायझिन ह्या गोड द्रव्याचा. ते शरीरात मीठ व पाणी कोंडून रक्तदाब वाढविते. अस्तराचे रक्षण करणारी म्हणून अभ्यासली जाणारी फ्लेव्होनॉइड द्रव्ये निराळी.

परंतु व्रणाचे मूळ बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू किंवा वेदनाशामक गोळ्या. तो जंतू काढ्यावर सोडण्याजोगा नव्हे. आम्ही वैद्य नव्हे. तरी रक्तदाब असलेल्या वडीलधाऱ्यांनी कांडी नित्य चघळू नये, आणि शौचास डांबरासारखे काळे झाल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, ही आमची हात जोडून विनंती.